पाहुण्यांची पावती

मला एकूण मावसभाऊ किती, असं आमच्या सोसायटीत कुणी विचारलं तर मी आजही विषय बदलते. माझ्या आईला एकच बहीण होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. पण आमच्या गेटवरच्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा, तर माझे मावसभाऊ नागपूर, बडोदा, हैदराबादला आहेत आणि एक तर चक्क दुबईला. मामेबहिणी, आतेभाऊ, भाच्या वेगळ्याच. ही सगळी मंडळी एकेक दोन-दोन दिवस राहून गेली, जाताना बाथरूममधला साबण घेऊन गेली आणि पुन्हा कधी त्यांचं तोंड दिसलं नाही. तसे खरे नातेवाईकही ह्याहून फार वेगळे वागत नाहीत म्हणा.

धंदा काय होता ते आधी सांगते. दुसऱ्याचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्यायचा, मालकाला महिन्याचं भाडं नेमाने द्यायचं, आणि तोच फ्लॅट आपण सजवून ॲपवर टाकून दिवसाच्या दराने द्यायचा. मधला जो फरक राहील तो आपला. महिना रिकामा गेला तर तोटाही आपला. माझ्या मुलाने ह्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला दलाली म्हणतात, फक्त ह्यात चादरीही आपणच धुवायच्या.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत परचेसला होते. कंपनी गुजरातेत गेली, आम्ही इथेच राहिलो. पन्नाशी उलटलेल्या बाईला नवी नोकरी कोण देतो? ह्यांचं, म्हणजे आमच्या बापटांचं, शाळेतून निवृत्त होणं तोंडावर आलं होतं. घरात बसून वाती वळण्याचा माझा स्वभाव नाही. मी दोन फ्लॅट घेतले. एक ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागे, जुन्या इमारतीत, आणि दुसरा डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर. त्याचे मालक परदेशात असतात.

एवढी हॉटेलं असताना लोक माझ्याकडे का यायचे? ठाण्याच्या हॉस्पिटलांत ज्यांचं माणूस आहे त्यांना मऊ भात करायला गॅस लागतो. ज्यांची इमारत पाडून नवी बांधताहेत त्यांना मुलीचं डोहाळजेवण करायला जागा लागते. परदेशातून लग्नाला आलेल्यांना चुलत्यांच्या घरी रांगेत आंघोळ नको असते. हॉटेलात खोली मिळते, घर मिळत नाही. मी घर विकायची, दिवसाच्या भावाने. आणि चांगलं विकायची. घरात शिरलं की माणूस पहिल्यांदा नळ सोडून बघतो, मग पंखा लावतो, मग कुकर उघडतो. ह्या तीन गोष्टी ठीक असल्या की सोफा फाटका असला तरी चालतो, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कळव्याच्या खाडीकाठचं एक कोळी कुटुंब टेंभी नाक्याचा फ्लॅट एका दुपारपुरता मागायला आलं. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. मुलीची आई म्हणाली, “बाय, आमचे घरान म्हावऱ्याचा वास येतं. पोराकडची मानसं मोठी हायत. एक दुपार दे गो.” मी दिला. पोहेही मीच केले. पाहुणे आल्यावर मुलाच्या वडिलांनी हात धुवायला जागा विचारली, तर मुलीच्या बापाने रुबाबात त्यांना कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून दिलं. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी. मुलाला आणि मुलीला बोलायला गॅलरीत पाठवलं, तिथे मुलीने पहिलंच वाक्य टाकलं, “हे घर आमचं नाही.” मुलगा म्हणाला, “माहितीय. हा सोफा मी ॲपवर बघितलाय. आम्हीपण परवाला हाच बुक करणार होतो, तुम्ही आमच्याकडे येणार म्हणून.” लग्न झालं. मला पापलेटं आली. ह्या धंद्यातली गोड आठवण म्हणावी अशी ही एकच, म्हणून सांगून टाकली.

ठाण्याच्या त्या जुन्या इमारतीत कोणाला कोणाचं पडलेलं नव्हतं. डोंबिवलीचं तसं नाही. आमच्या सोसायटीत नोटीसबोर्ड ही सर्वांत जिवंत गोष्ट आहे. ‘बॅचलरना फ्लॅट देऊ नये’, ‘गॅलरीत पापड वाळत घालू नयेत’, आणि मी फ्लॅट घेतल्यावर महिन्याभरात, ‘दिवसाच्या भाड्याने जागा देण्यास सक्त मनाई’. खाली सेक्रेटरी पाटणकरांची सही. पाटणकर रेल्वेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस, पण नियमांवर जेवणारा. त्यांनी गेटवरच्या रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखून घेतला. नाव, गाव, फ्लॅट नंबर आणि नातं. पाहुणे येऊ शकतात, भाडेकरू नाही. पाहुणा असेल तर नातं लिहा.

मग मीही नाती वाटू लागले. माणूस स्टेशनवरून रिक्षात बसला की मी फोन करून त्याला त्याचं नातं सांगायची. नियम एकच, सगळ्यांना माहेरकडचं करायचं. सासरच्या गोतावळ्याची शेजारीपाजारी नीट खबर ठेवतात, बाईच्या माहेरी कोण आहे नि कोण नाही ह्याची कोणाला पर्वा? मळक्या चादरी मी कापडी पिशवीत भरून खाली न्यायची, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. पाटणकर आमच्या दाराशी भेटले की म्हणायचे, “वहिनी, माहेर मोठं आहे हो तुमचं.” मी म्हणायची, “देवाची कृपा.” हे त्या वेळी पेपर वाचत असायचे आणि पेपर जरा वर धरायचे.

एक दिवस बंगळूरहून मेधा नावाच्या मुलीचा फोन आला. वडिलांची बायपास ठाण्याला झाली होती, डॉक्टर लगेच लांबचा प्रवास करू देत नव्हते, काही आठवडे घर हवं होतं. ठाण्याचा फ्लॅट भरलेला होता म्हणून मी वरचा दिला. रिक्षातून उतरलेल्या म्हाताऱ्यांनी गेटवर स्वतःच्या हाताने रजिस्टर ओढून ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. आडनाव बापट.

आता बापट माहेरकडचे कसे करणार? वॉचमन माझ्या तोंडाकडे बघत होता. “मॅडम, नातं काय लिहू?” मी म्हटलं, “चुलत सासरे.” झालं. एका वाक्याने मी माझाच नियम मोडला.

नानांना, सगळे त्यांना नानाच म्हणायला लागले, हे नातं भलतंच आवडलं. संध्याकाळी ते खालच्या बाकावर जाऊन बसायचे आणि पाटणकरांना आमच्या ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. हे विहिरीत कसे पडले, आंब्यावर चढून कसे अडकले, मुंजीत कसे रडले. ह्यांची मुंज त्यांनी बघितलेली असणं शक्यच नव्हतं. मी मेधाला म्हटलं, “अगं, नानांना आवर. ह्यांना विहिरीची भीती वाटते, ते कधी काठावरसुद्धा गेले नाहीत.” ती म्हणाली, “काकू, आई गेल्यापासून बाबा एवढे बोललेच नव्हते. बोलू द्या ना.” मी बोलू दिलं. पाटणकर आणि नाना, दोघांची अशी गट्टी जमली की पाटणकर आपल्या घरून नानांसाठी बिनमिठाचं सार आणू लागले. रेल्वेतल्या गप्पा ऐकायला त्यांनाही कितीतरी दिवसांनी कोणी भेटलं होतं. आणि गंमत बघा, हेसुद्धा बाकावर जाऊन बसू लागले. आपल्याच खोट्या बालपणात ह्यांना रस यायला लागला. “मग नाना, विहिरीतून मला काढलं कोणी?” असं हे विचारायचे.

गणपती जवळ आले होते. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, ह्यांच्या आजोबांपासून कधी खंड नाही. मूर्ती नेहमीच्या दुकानात सांगून ठेवली होती. एका सकाळी मी डाळ भिजत घालत होते, तेवढ्यात मेधा जिना उतरून आली. चप्पल नव्हती पायात. “काकू, बाबा उठत नाहीयेत.”

नाना झोपेतच गेले होते.

नवऱ्याचं परदेशात काम, भाऊ नाही, गावात ओळख नाही, अशी ती मुलगी. मी तिला जवळ घेतलं. खरंच घेतलं, पण डोक्यात दुसरंही चालू होतं. आता काय सांगायचं? भाड्याने आलेला माणूस फ्लॅटमध्ये गेला हे कळलं तर उद्या कमिटी मेधाला सामानासकट खाली उभं करेल, आणि मला मालकाचा फोन येईल. मी विचार करत राहिले आणि तोवर पाटणकर वर आलेसुद्धा. बनियनवरच. नानांकडे बघून ते खुर्चीत बसले आणि हमसून रडले. मग डोळे पुसून उठले आणि सगळं हातात घेतलं. डॉक्टरांचा दाखला, वैकुंठरथ, बांबू, मडकं, गुरुजी. ज्या माणसाने मला वर्षभर छळलं होतं तो माझ्या गिऱ्हाइकासाठी उन्हात धावत होता. पार्किंगमध्ये पन्नासएक माणसं उभी राहिली. एवढी माणसं आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला येत नाहीत.

गुरुजींनी विचारलं, “अग्नी कोण देणार?” मेधा काही बोलायच्या आत पाटणकर म्हणाले, “पुतण्या आहे की.”

सगळे ह्यांच्याकडे बघू लागले. मी मेधाच्या कानात म्हटलं, “तुला द्यायचा असेल तर सांग, मी आत्ता इथे खरं काय ते बोलते. धंदा गेला खड्ड्यात.” हे वाक्य मी उच्चारलं, ह्याला साक्षीदार फक्त ती आहे. तिने नको म्हणून मान हलवली. “मला नाही जमणार काकू. काकांना देऊ द्या. बाबांना आवडेल ते.” ह्यांनी शर्ट काढला आणि मडकं उचललं. पाटणकरांनी पहिला खांदा दिला.

त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. पाटणकरवहिनी पिठलं-भात घेऊन आल्या, “दहा दिवस देवाला हात लावू नका हो” अशी आठवण करून देऊन गेल्या. दार लावल्यावर मी म्हटलं, “अहो, लोकांसमोर पाळू. पण आपल्याला कसलं सुतक? मूर्ती तर आणायला हवी. मी गपचूप मागच्या दाराने...”

हे म्हणाले, “मी अग्नी दिला.”

“अहो, पण ते गिऱ्हाईक होते!”

“तुझं. आडनाव एक, गोत्रही एकच निघालं, मी विचारलं होतं त्यांना. वर कुठेतरी एकच खापरपणजोबा असणार. आणि नसला तरी मी अग्नी दिला. आता त्यात खरं-खोटं काय राहिलं?”

एवढं मोठं भाषण ह्यांनी आमच्या लग्नातही केलं नव्हतं. गणपती आला नाही. आमच्या नावाची चिठ्ठी लावलेली मूर्ती दुकानातच राहिली आणि शेवटी कोणीतरी घेऊन गेलं. समोरच्या घरातून आरती ऐकू यायची आणि हे सतरंजीवर बसून असायचे. मला राग यायचा. कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. दहावा, तेरावा, सगळं ह्यांनी मेधाबरोबर यथासांग केलं. मेधा बंगळूरला गेली. मी तिच्याकडून नंतरच्या दिवसांचं भाडं घेतलं नाही, इतकी लाज मलाही आहे.

आणि मग मेधाने ॲपवर अभिप्राय लिहिला.

पाच चांदण्या. मनापासून लिहिलं होतं पोरीने. की हे लोक आमचे कोणीही नाहीत. आम्ही ॲपवरून फ्लॅट घेतलेले साधे भाडेकरू. तरी काकांनी माझ्या बाबांना मुलासारखा अग्नी दिला, शेजारच्या पाटणकर काकांनी खांदा दिला, डोंबिवलीसारखी माणसं जगात नाहीत. वर फ्लॅटचा फोटो आणि सोसायटीचं नाव. ठाण्या-डोंबिवलीतल्या कुठल्याच फ्लॅटला इतका सुंदर अभिप्राय मिळाला नसेल. धंदा त्याच आठवड्यात बुडाला. पाटणकरांची सून माहेरच्यांसाठी जागा शोधत होती, तिने तो वाचला आणि सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

कमिटीने सभा लावली. पाटणकर ओरडतील असं मला वाटलं होतं, मी तयारीत गेले होते. ते ओरडले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, मी भाड्याच्या माणसाला खांदा दिला? माझ्या सख्ख्या भावाला मला खांदा देता आला नव्हता. मी त्यांना घरून सार नेऊन देत होतो.”

कधी नव्हे ते हे उठले. “पाटणकर, सार परत मागा, देतो आम्ही. दिलेला खांदा कसा परत घेणार?”

पाटणकर बसले. त्यांना लागलं होतं, आणि त्यांचं चुकलं असं मीही म्हणणार नाही. पण ठराव व्हायचा तो झाला. फ्लॅटच्या मालकाला पत्र गेलं, त्याने करार मोडला. ठाण्याचा फ्लॅट एकट्यावर चालेना, तोही सोडला. मला हळदीकुंकवाचं बोलावणं येणं बंद झालं. ज्या बायका माझ्या दुबईच्या मावसभावाने आणलेले खजूर खाऊन गेल्या होत्या त्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून जायला लागल्या.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं. खोटं बोलले, पकडले गेले, संपलं. पण काही महिन्यांतच वरच्या फ्लॅटला नवा रंग लागला. मालकाचा भाचा आला, त्याने तोच फ्लॅट त्याच ॲपवर टाकला. माझ्याच पडद्यांसकट! मी पाटणकरांना विचारलं, सक्त मनाईचं काय झालं? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “रीतसर आहे ते. कमिटीने ठराव केलाय.” ठराव असा की मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे, मग तो कोणाच्याही घरी उतरो, कमिटीची पावती फाडायची. पावती असली की वॉचमन सलाम ठोकून आत सोडतो. नात्याचा रकाना खोडून टाकला, त्या जागी पावती नंबर. ज्या गोष्टीने सोसायटीची अब्रू जात होती तिने आता लिफ्टची दुरुस्ती होते.

गेल्या वर्षी नानांचं वर्षश्राद्ध आलं. ह्यांनी स्वतः मेधाला फोन केला. ती म्हणाली, “काका, ह्या वेळी फ्लॅट नको. तुमच्याकडेच उतरते, चालेल?” हे दोन दिवस आधीपासून घर झाडत होते. गादीला नवा अभ्रा घातला. माझ्या गिऱ्हाइकांसाठी ह्यांनी कधी एक उशी उचलली नव्हती.

ती संध्याकाळी आली. खालून इंटरकॉम वाजला. “मॅडम, पाहुणी आलीय. मुक्काम आहे म्हणते. पावती नाही.” आम्ही दोघं खाली गेलो. मेधा बॅग घेऊन गेटबाहेर उभी. पाटणकर बाकावर, जिथे नाना बसायचे तिथेच. मेधाने त्यांना ओळखलं, धावत जाऊन वाकून नमस्कार केला. “पाटणकर काका, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.” तिला बिचारीला मधलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. पाटणकरांनी पाय जरासे मागे घेतले.

वॉचमन म्हणाला, “साहेब, काय करू?”

हे म्हणाले, “माझी बहीण आहे.”

पाटणकर म्हणाले, “बापट, तुमच्या घरी कोण कोणाचं असतं हे कमिटी आता ठरवत बसत नाही. पावती फाडा आणि न्या वर. सगळ्यांना तोच नियम.”

मी पर्स उघडली होती. रक्कम फुटकळ होती, धंद्यात मी ह्याहून जास्त साबणावर घालवत असे. ह्यांनी माझा हात धरला. “बहिणीची पावती फाडायची?”

“अहो, मुलगी दारात उभी आहे. वाद नंतर घाला.”

“नाही.”

मेधाने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं असावं. ती हसली आणि म्हणाली, “काका, मी स्टेशनजवळ लॉज बघते. उद्या सकाळी श्राद्धाला लवकर येईन. दिवसा यायला तर पावती लागत नाही ना?” हे तिची बॅग उचलून तसेच तिच्याबरोबर रस्त्याने चालू लागले. पाटणकर बाकावरून उठले होते, एक पाऊल पुढेही आले होते. मग पुन्हा बसले.

मी रिक्षाने मागाहून पोचले. लॉजच्या काउंटरवर ट्यूबलाइट लुकलुकत होती. मालकाने मेधापुढे कागद सरकवला. “गावात कोणी ओळखीचं, नातेवाईक आहे का? असेल तर लिहा, मॅडम.” तिने ह्यांचं नाव लिहिलं, आमचा फ्लॅट नंबर लिहिला आणि नात्यापुढे लिहिलं, भाऊ.

मालकाने ते वाचलं, ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि किल्ली दिली.